लॉइडला दंड नाही

पोर्ट टेरिलच्या सेवा क्लबात माणसाला कशावरून दंड होईल याचा काही नेम नव्हता. कोटावर बिल्ला नाही, दंड. बिल्ला आहे पण उलटा, दंड. नवी गाडी घेतली आणि क्लबला सांगितलं नाही, तर लपवाछपवीचा दंड. सांगितलं, तर फुशारकी मारल्याचा. वाढदिवस असेल तर आणखी एक वर्ष जगल्याबद्दल दंड, आणि कोणी बायकोचा वाढदिवस विसरला तर दुप्पट, कारण तेव्हा क्लबातल्या सगळ्या बायका टाळ्या वाजवत. महिन्यातल्या दोन मंगळवारी पबच्या मागच्या खोलीत जेवणं उरकली, पुडिंगच्या वाट्या बाजूला सरल्या, की दंडमास्तर उठे, आइस्क्रीमचा रिकामा डबा हातात घेई आणि एकेकाची हजेरी घेई. डब्यातली नाणी शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायला जात. पण त्या डोळ्यांसाठी म्हणून डब्यात नाणं टाकणारा एकही सभासद मला माहीत नाही. चारचौघांत आपलं नाव निघालं, आपली खोड काढली गेली, त्याचेच लोक पैसे मोजत होते.

दंडमास्तर होती मर्ना ट्रेलोअर. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. समोरच्या आरशात एक नजर टाकून मागच्या बाकावर कोण काय उद्योग करतंय हे ओळखायची सवय तिला तेव्हापासूनची. निवृत्त झाल्यावर ही नजर कुठे वापरायची हा प्रश्नच होता. क्लबने तो सोडवला. जेवताना ती गप्प बसून सगळ्यांकडे पाहत असे, आणि ती गप्प आहे हे दिसलं की लोक आपापली कॉलर चाचपायला लागत.

आणि लॉइड पेंगेली म्हणजे तिचं हक्काचं गिऱ्हाईक. गावाबाहेर बार्लीची शेती, दारात वाकून शिरावं लागेल एवढा देह, आणि आवाज त्याहून मोठा. दंड झाला की इतर लोक हसून नाणं टाकत. लॉइड कधीच नाही. तो उभा राहायचा, कोटाची बटणं लावायचा आणि हायकोर्टात उभा असल्यासारखा युक्तिवाद करायचा. मग मर्ना त्याला सभेचा वेळ खाल्ल्याबद्दल आणखी दंड करायची, तो हरायचा, आणि दोन्ही दंड भरून असा खूश होऊन बसायचा की बघणाऱ्याला वाटावं याला बक्षीस मिळालंय. क्लबचा सचिव क्लाइव्ह हॅनफर्ड दर पंधरवड्याला वार्तापत्र काढत असे. पहिल्या पानावर झालेल्या कामांच्या बातम्या, दुसऱ्या पानावर पुढचे कार्यक्रम, आणि शेवटी चौकटीत ‘या खेपेचे गुन्हेगार’. गाव ती चौकट आधी वाचायचं. तिच्यात लॉइडचं नाव सर्वांत वर असायचं. क्लाइव्ह ते खोडतसुद्धा नसे, फक्त खालचा गुन्हा बदलायचा.

मग त्या हिवाळ्यात लॉइड ॲडलेडच्या डॉक्टरांकडे जाऊन आला, आणि पुढच्याच सभेत सभासदांच्या बातम्या सांगायची वेळ आली तेव्हा स्वतःहून उभा राहिला.

“माझ्या कोठाराला भोक पडलंय,” तो डोक्यावर बोट ठेवून म्हणाला. “धान्य गळतंय. बुजवायला काही नाही म्हणतात. तेव्हा कोणाचं नाव विसरलो तर राग मानू नका. क्लाइव्हचं नाव तसंही मला कधी आवडलेलं नाही.”

लोक हसले, पण हसू लवकर संपलं. मारिसेल, म्हणजे त्या वर्षीची अध्यक्ष, इस्पितळात वृद्धांच्या विभागात नर्स होती. लग्न करून फिलिपिन्समधून या गावात आली त्याला वीस वर्षं झाली होती. तिने उठून लॉइडला मिठी मारली. मग पुडिंग आलं, आणि पुडिंगनंतर मर्ना डबा घेऊन उठली.

लॉइडच्या कोटावर त्या दिवशी बिल्ला नव्हता. नाकावर बायकोचा चष्मा होता, जांभळ्या काड्यांचा, आणि त्याच चष्म्याने तो तासभर सगळ्यांकडे बघत होता. महिन्यापूर्वी मर्नाने या चष्म्यावर अख्खी सभा रंगवली असती. वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण तिथेच अडकलं, कारण तिला आपली आई आठवली.

मर्नाची आई शेवटची काही वर्षं अशाच आजारात वृद्धाश्रमात होती. दुसऱ्या बायकांचे स्वेटर आपले समजून अंगात घालायची, एकावर एक. एकदा मर्ना भेटायला गेली तेव्हा तिथली एक कामवाली दुसरीला बोलावून ते दाखवत होती आणि दोघी तोंडावर हात धरून हसत होत्या, आणि मर्नाची आईही, काय चाललंय ते न कळून, त्यांच्याबरोबर हसत होती. मर्नाने तिथे जो काही आवाज चढवला तो रस्त्यापर्यंत गेला होता. आईचं ते हसू मात्र तिच्या डोळ्यांपुढून गेलं नाही. आता लॉइडच्या नाकावरचा जांभळा चष्मा बघून तिला ते पुन्हा दिसलं. ती त्याला ओलांडून पुढे गेली आणि लॉइडला मिठी मारताना टेबलावरचा ग्लास सांडल्याबद्दल मारिसेलला दंड केला.

पुढच्या सभेतही तेच. निधीसाठी क्लब लावत असलेल्या सॉसेजच्या स्टॉलचा पाव लॉइडने आठवडाभर आधीच विकत घेऊन ठेवला होता. क्लबला बुरशी आलेली वीस पाकिटं फेकून द्यावी लागली. मर्नाने त्याबद्दलही दंड केला नाही. तिसऱ्या सभेला लॉइड आला तो बिल्ला कपाळाच्या वर, टोपीला लावून, तोही उलटा. खोलीभर फिरला. दोनदा मर्नाच्या समोरून गेला. मर्नाने त्याच्याकडे बघून हसून त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि दंडाच्या वेळी पुन्हा त्याला वगळलं. तो माणूस दंड मागायला आला होता, हे तीस वर्षं आरसा बघणाऱ्या बाईला दिसलं नाही. दयेने माणूस असा आंधळा होतो, त्याला कोणी काय करणार.

त्यानंतर लॉइड यायचाच बंद झाला.

वार्तापत्र निघालं. पहिल्या पानावर बातमी होती की समुद्रातल्या धक्क्यावरची तिन्ही बाकं क्लबने रंगवली असून लोकांनी शनिवारपर्यंत बसू नये. दुसऱ्या पानावर नोव्हेंबरात किनाऱ्यावर होणाऱ्या सामुदायिक न्याहारीची कामवाटणी होती. ही न्याहारी म्हणजे क्लबचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम. सुगीआधी सगळा परिसर त्या दिवशी किनाऱ्यावर लोटतो. मोठ्या तव्यामागे, हातात चिमटा घेऊन, कांदे आणि अंडी परतत बावीस वर्षं लॉइड उभा राहिला होता. यंदा तिथे क्लाइव्हने स्वतःचं नाव घातलं होतं. आणि शेवटच्या पानावर, गुन्हेगारांच्या चौकटीखालच्या कोपऱ्यात, बारीक रेघांच्या वेगळ्या चौकटीत छापलं होतं: ‘आपले ज्येष्ठ मित्र लॉइड पेंगेली यांच्या पाठीशी क्लब सदैव उभा आहे.’ क्लाइव्हने हे लिहिताना दोनदा डोळे पुसले होते, ही खरी गोष्ट. पण त्या कोपऱ्यात आजवर फक्त गेलेल्या माणसांच्या श्रद्धांजलीचा मजकूर छापून आला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी बेकरीत पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीच्या, रांगेत मर्नाला लॉइडची बायको ग्लेनिस भेटली. मर्नाने लॉइड कसा आहे म्हणून विचारलं, आणि ग्लेनिसने, जिचा आवाज कधी कोणी चढलेला ऐकला नव्हता, सगळ्या रांगेदेखत तिची खरडपट्टी काढली.

“तुमचा क्लब फारच दयाळू निघाला गं, मर्ना. त्याने ते कोपऱ्यातलं वाचलं आणि मला विचारलं, ‘ग्लेनिस, मी गेलो का?’ मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती ती.”

ग्लेनिस पुढे म्हणाली की त्याने बिल्ला पांढऱ्या पाकिटात घालून ठेवलाय आणि तो क्लाइव्हला परत देऊन ये म्हणून तिच्यामागे लागलाय. शेत जावयाने हातात घेतलं होतं. गाडी चालवायची डॉक्टरांनी बंदी केली होती. मंगळवारची सभा तेवढी त्याची स्वतःची उरली होती. सभेला जायचं म्हणून आदल्या दिवशी तो बूट पॉलिश करायचा. “तेही गेलं तर दिवसभर खुर्ची आणि खिडकी,” ग्लेनिस म्हणाली. “मग किती दिवस तो लॉइड राहील, तूच सांग. तुझ्या आईचं तू पाहिलंयस.” एवढं बोलून तिने आपल्या पेस्ट्या घेतल्या आणि सुटे पैसे न घेताच निघून गेली.

मर्ना पेस्टी न घेता रांगेतून बाहेर पडली आणि सरळ पेंगेलींच्या शेतावर गेली.

लॉइड मोठ्या शेडमध्ये होता. जावई सुगीसाठी यंत्र तयार करत होता आणि सासऱ्याला काहीतरी काम हवं म्हणून त्याने एका बादलीतले मिसळलेले बोल्ट निवडायला दिले होते. लॉइड ते आकाराप्रमाणे डब्यांत टाकत होता. तिला बघून त्याने मान हलवली, पण उठला नाही.

“क्लाइव्हने पाठवलं?”

“मला कोणी पाठवत नाही, लॉइड.”

“तेही खरं. मग कशाला आलीस? बघायला? बघ. हात दोन, पाय दोन.”

मर्ना एका उलट्या खोक्यावर बसली. सभेला येत जा, सगळे आठवण काढतात, अशी दोन-चार वाक्यं तिने म्हणून पाहिली. लॉइडने ती वाऱ्यावर सोडून दिली. मग त्याने हातातला बोल्ट खाली ठेवला.

“त्या डॉक्टरने मला माझ्या डोक्याची चित्रं दाखवली,” तो म्हणाला. “मी म्हटलं, असेल, चित्र आहे. घरी आलो तर ग्लेनिस रडली. म्हटलं, ती टीव्ही बघूनपण रडते. माझा काही विश्वास बसला नव्हता, मर्ना. मग तू मला दंड केला नाहीस. तेव्हा बसला.”

मर्नाला तोंडात मारल्यासारखं झालं. ती म्हणाली, “मला वाटलं, तुला लागेल.”

“लागलंच.”

मग तिने त्याला आईची गोष्ट सांगितली. ते स्वेटर, त्या दोन बाया, ते हसणं. क्लबात आजवर कोणालाच तिने ती सांगितली नव्हती. लॉइडने पूर्ण ऐकून घेतली.

“तुझ्या आईला त्या हसल्या, कारण त्यांना वाटलं हिला काही कळत नाही,” तो म्हणाला. “मला अजून कळतंय. कळायचं थांबलं की सांगेन तुला.” मग त्याचा त्यालाच घोटाळा लक्षात आला. “तेव्हा सांगता नाही यायचं म्हणा.”

दोघंही हसली. किती दिवसांनी हसतोय असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मर्नाला वाटलं, जिंकलं आपण. पण मंगळवारचं नाव काढताच तो पुन्हा मिटला. तिथे सगळे आता त्याच्याशी हळू आवाजात बोलतात, म्हणाला. मी काही बहिरा झालेलो नाही. दिवसभर लोक माझी काळजी घेतात, संध्याकाळी आणखी दहा जणांनी घ्यावी म्हणून मी बूट पॉलिश करायचे का? मर्ना उठली. जाता जाता, गैरहजेरीचा दंड चढतोय हं, एवढं ती जुन्या सुरात म्हणाली.

“करणार आहेस का?” लॉइडने विचारलं. त्याने मान वर करून तिच्याकडे रोखून पाहिलं.

“ये, म्हणजे कळेल,” ती म्हणाली. करू शकू की नाही हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. घरी जाताना वाटेत तिने तीन वेगवेगळे दंड मोठ्याने म्हणून पाहिले आणि तिन्ही वेळा तिला आईचं हसू दिसलं.

मंगळवार आला. सगळे जमले, श्नित्झेलची, म्हणजे तळलेल्या मांसाच्या कापांची, ताटं आली. मारिसेल बातम्या वाचू लागली: धक्क्याच्या टोकाला लावायचं, बंद पडलेलं हृदय झटका देऊन सुरू करणारं यंत्र आलं आहे, ते वापरायचा वर्ग पुढच्या शनिवारी, शाळेत डोळ्यांची तपासणी, डिसेंबरात आगीच्या बंबावरून सांताक्लॉज गावभर फिरवायचा आहे, दाढी मात्र उंदरांनी खाल्ली असल्याने नवी लागेल. मग न्याहारीचा विषय निघाला. मर्नाने मध्येच उठून सांगितलं की तव्यामागे लॉइडच हवा. क्लाइव्ह कळवळून म्हणाला, अगं, तापलेला तवा, गॅसची टाकी, काही झालं तर? यावर मारिसेल म्हणाली की ती स्वतः त्याच्या शेजारी उभी राहील, आणि क्लाइव्हने पाव कापावा. क्लाइव्ह म्हणाला, पण तो येतोय कुठे?

“येतोय की,” मारिसेल म्हणाली. “दुपारी ग्लेनिसचा फोन आला होता. साडेसहाला ती त्याला दारात सोडणार होती. एकटाच आत जाईन म्हणालाय.”

सगळ्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. सात वाजून गेले होते.

पबच्या दारापासून समुद्र रस्ता ओलांडला की आहे, आणि धक्क्याला कठडा एकाच बाजूला. खुर्च्या एकदम सरकल्या. क्लाइव्ह कोट न घालताच बाहेर धावला. मर्ना त्याच्यामागे निघाली. ये म्हणून आपण सांगितलं, आपल्या सांगण्यावरून तो आला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती दारापर्यंत पोचते तोच दार बाहेरून उघडलं आणि गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मंडळाची ओल्वेन आत आली. तिच्यामागे वाकून लॉइड आला. त्याच्यामागे घाम पुसत क्लाइव्ह.

“हा तुमचाच ना?” ओल्वेन म्हणाली. “अर्धा तास आमच्यात बसला होता.”

पबशेजारच्या जुन्या हॉलमध्ये पूर्वी क्लबच्या सभा होत असत. पबात येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. लॉइड सवयीने तिकडे गेला. आत गोधडी मंडळाची सभा चालू होती; खुर्च्या मांडलेल्या, चहा ठेवलेला, कोणीतरी इतिवृत्त वाचत होतं. तो आपल्या नेहमीच्या जागी, दुसऱ्या रांगेत कडेला, जाऊन बसला. बायकांना वाटलं, ग्लेनिसचा काही निरोप घेऊन आला असेल. मंडळाने शिवणाचं नवं मोठं टेबल घ्यावं असा ठराव आला, तेव्हा अनुमोदन कोण देतं असं विचारल्यावर लॉइडने हात वर करून खणखणीत आवाजात अनुमोदन दिलं. ठराव मंजूरही झाला.

लोकांचा जीव भांड्यात पडला, आणि मग व्हायचं तेच सुरू झालं. बस लॉइड, बस. थंडी नाही ना वाजत? कोणी खुर्ची ओढली, कोणी त्याचं ताट गरम करायला नेलं, क्लाइव्हने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात असा ठेवला जसा लहान मुलाच्या हातात देतात. सगळे हळू, मऊ बोलत होते. लॉइड बसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि मर्नाने पाहिलं, त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. बिल्ल्याच्या पाकिटाचं पांढरं टोक वर दिसत होतं.

पुडिंग अजून आलं नव्हतं. दंडाची वेळही झाली नव्हती. मर्नाने डबा उचलला आणि चमच्याने त्यावर दोन ठोके दिले.

“लॉइड पेंगेली,” ती म्हणाली. तिने आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत जायचा तेवढा मोठा केला. “क्लबच्या सभेच्या वेळी प्रतिस्पर्धी संस्थेच्या सभेत बसल्याबद्दल, एक दंड. सभासद नसताना अनुमोदन देऊन त्यांचा कारभार बिघडवल्याबद्दल, दुसरा. ओल्वेन, याने तुमच्याकडे काही खाल्लं?”

“दोन स्कोन,” ओल्वेन गोंधळून म्हणाली. “जॅम आणि साय घालून.”

“दोन स्कोन खाऊन आमच्यासाठी एकही न आणल्याबद्दल, तिसरा. आणि हा सगळ्यांत मोठा.”

कोणी हसलं नाही. क्लाइव्ह तिच्याकडे असा बघत होता, जणू तिने चर्चमध्ये शिवी दिली होती. लॉइड डब्याकडे बघत होता, मग तिच्याकडे. मर्नाला वाटलं, चुकलं, सगळं चुकलं आपलं. तिने नजर मात्र काढली नाही.

लॉइडचा हात खिशावरून खाली आला. त्याने कोटाची बटणं लावली, एकेक करून.

“हरकत आहे,” तो म्हणाला.

लॉइडचं म्हणणं असं की ठराव चांगला होता, टेबल खरोखर मोडकळीला आलंय, आणि या क्लबात अनुमोदन द्यावंसं वाटेल असा ठराव आला त्याला किती वर्षं झाली ते क्लाइव्हने तपासून सांगावं. स्कोनबद्दल म्हणाल तर तिथे वाढणाऱ्या बाया हसतमुख आहेत, इथल्यासारख्या डबा घेऊन अंगावर येत नाहीत. आता लोक हसत होते, टेबलं बडवत होते, मारिसेलने डोळ्यांना रुमाल लावला होता. मर्नाने वेळ खाल्ल्याचा चौथा दंड लावला. लॉइड हरला, खिसे उलटे केले, आणि नाणी डब्यात टाकली. पण खाली बसला नाही.

“आता माझा ठराव,” तो म्हणाला. “दंडमास्तराला कोणी दंड करू शकत नाही. पण हजर असलेल्या सगळ्या सभासदांनी, एकही न वगळता, हात वर केला तर करता येतो. नियम आहे. क्लाइव्ह, आहे की नाही?”

क्लाइव्ह म्हणाला, आहे. पण त्याच्या आठवणीत तो कधी कोणी वापरलेला नाही.

“तर मी असा ठराव मांडतो,” लॉइड म्हणाला, “की दंडमास्तर मर्ना ट्रेलोअर हिने...”

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. त्याने टेबलाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, स्वतःच्या वर उचललेल्या हाताकडे पाहिलं. गेलं होतं. हातातून निसटलेलं काय होतं, तेही त्याला आठवत नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. लोकांनी माना खाली घातल्या. कोणीतरी, चला, पुडिंग आलं, असं म्हणायला सुरुवात केली.

“थांबा,” मर्ना म्हणाली. “तो माझ्यावर आरोप ठेवतोय. लॉइड, अर्धवट सोडू नकोस.”

“कसला आरोप?” त्याने प्रामाणिकपणे विचारलं.

तिला तो सांगावा लागला. सगळ्यांसमोर, उभ्याने, डबा हातात धरून.

“तीन सभा मी तुला दंड केला नाही.”

“का?”

“तू आजारी आहेस हे कळलं म्हणून. मला तुझी भीती वाटली, लॉइड. तू समोर बसला होतास आणि मी तू नसल्यासारखं वागले.”

लॉइडने विचार केला. तिचं बोलणं त्याला आठवलं की नुसतंच पटलं, कोण जाणे. पण त्याने मान डोलावली.

“हा तर भयंकर गुन्हा आहे,” तो म्हणाला. “हात वर करा.”

हात वर गेले. मारिसेलचा आधी, मग इतरांचे, सर्वांत शेवटी क्लाइव्हचा; तो वर गेला तेव्हा क्लाइव्हची मान खाली होती. लॉइडने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर थांबून.

“एक हात कमी आहे,” तो म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. सगळे हात वर होते. मग एकेकाची नजर फिरत फिरत मर्नावर येऊन थांबली. सभासद तीही होती, आणि नियमात कोणालाच सूट नव्हती.

मर्नाने डबा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि आपला हात वर केला.

“मंजूर,” लॉइड म्हणाला, आणि डबा उचलून त्याने तिच्यापुढे धरला.